सोंगट्या, चिठ्ठ्या आणि संभाव्यता: वर्गात यादृच्छिक निवड नीट कशी करून घ्यावी

पिशवीत सहा काळ्या, तीन पांढऱ्या आणि एक लाल सोंगटी आहे. न बघता एक काढली तर ती पांढरी असण्याची संभाव्यता किती? हा प्रश्न वर्गात विचारला की 'एक तृतीयांश' हे उत्तर हमखास येतं, कारण रंग तीन आहेत. दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण शिकून झालेली मुलंही हे उत्तर देतात. सूत्रात आकडे भरायला ती चांगली शिकलेली असतात, पण सूत्रात नेमकं काय मोजायचं हे त्यांनी हाताने कधी अनुभवलेलं नसतं.

अनेक शिक्षक कृती करून घेतातही, पण ती घाईत होते. चिठ्ठ्या नीट मिसळलेल्या नसतात, काढलेली सोंगटी कधी परत जाते तर कधी बाहेर राहते, आणि पाच-सहा वेळा काढून झालं की लगेच फळ्यावर अपूर्णांक येतो. मग मुलांना मिळालेले आकडे आणि फळ्यावरचा अपूर्णांक यांचा मेळ बसत नाही, आणि मुलं फळ्यावरचं पाठ करतात.

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी पुढचा क्रम वापरा. घरी एक-दोन मुलांना शिकवतानाही तो चालतो. एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळा: निवड खरोखर यादृच्छिक आहे, म्हणजे प्रत्येक सोंगटीला सारखीच संधी आहे, याची खात्री मुलांनी स्वतः करून घेतल्याशिवाय अपूर्णांक लिहायचा नाही. वर्गासाठी वेगवेगळ्या दिवशी दोन तासिका ठेवा. पहिलीत टप्पा १ ते ४, उरलेलं दुसरीत.

## टप्पा १ : साहित्य निवडा आणि ते हाताने तपासा

कॅरमच्या सोंगट्या या कामासाठी उत्तम. संचात ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि एक लाल राणी असते. आकार, वजन आणि कडा सारख्याच, फरक फक्त रंगाचा. त्यातून ६ काळ्या, ३ पांढऱ्या आणि राणी अशा १० सोंगट्या प्रत्येक गटाला द्या. संचात राणी एकच असते, म्हणून एका संचात एकच गट होतो. तेवढे संच नसतील तर एकाच मापाची, एकाच साच्यातली तीन रंगांची बटणं घ्या. मणी, चिंचोके, खडे टाळा. त्यांचा आकार बोटांना कळतो.

पिशवी जाड कापडाची हवी, मनगटापर्यंत हात आत जाईल एवढी खोल. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून रंग दिसतात. कोपऱ्यांच्या शिवणीत सोंगटी अडकून बसते, म्हणून पिशवी उलटी करून कोपरे बघून घ्या.

चिठ्ठ्या वापरणार असाल तर जास्त काळजी लागते. एकाच वहीचा कागद घ्या, कात्रीने सारख्या मापात कापा, हाताने फाडू नका. जेल पेनाची शाई मागे उमटते, म्हणून पेन्सिल बरी. प्रत्येक चिठ्ठीला तेवढ्याच घड्या घाला आणि शक्यतो एकाच मुलाकडून घालून घ्या, कारण प्रत्येकाची घडी वेगळी जाड होते. ही काळजी पोरखेळ नाही. निवडणुकीत दोन उमेदवारांना समान मतं पडली तर निकाल सोडतीने लागतो. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच चिठ्ठीने लागला होता. वर्गात चिठ्ठी कशी असावी हे शिकलेलं मूल पुढे अशा सोडतीकडे डोळसपणे बघेल.

तपासून पाहा : एका मुलाने डोळे मिटून पिशवीत हात घालायचा, सोंगटी चाचपायची आणि बाहेर काढण्याआधी रंग सांगायचा. असं पंधरा-वीस वेळा करा. त्याने दर वेळी 'काळी'च म्हटलं तरी दहातल्या साधारण सहा वेळा तो बरोबर येईल, त्यामुळे काळीकडे लक्ष देऊ नका. राणी आणि पांढरी तो बोटांनी ओळखू शकतो का ते बघा. ओळखत असेल तर टवका उडालेली किंवा दुसऱ्या संचातून आलेली सोंगटी बदला.

ही तपासणी शिक्षकाने एकट्याने आधी उरकू नये. मुलांसमोर, मुलांकडून करून घ्या. 'सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत', म्हणजे प्रत्येक निकालाला सारखीच संधी आहे, हे वाक्य पुढे पुस्तकात येईल, त्याचा अर्थ मुलांना इथेच कळतो.

## टप्पा २ : काढण्याआधी अंदाज लिहून घ्या

दहाही सोंगट्या बाकावर मांडून सगळ्यांना दाखवा, मग पिशवीत भरा. आता कोणालाही हात घालू देऊ नका. आधी चार विधानं द्या आणि ती 'अशक्य' पासून 'नक्की' पर्यंत क्रमाने लावायला सांगा:

- निघालेली सोंगटी निळी असेल.
- निघालेली सोंगटी लाल असेल.
- निघालेली सोंगटी काळी असेल.
- निघालेली सोंगटी काळी, पांढरी किंवा लाल असेल.

मग प्रत्येक गटाने वहीत एक अंदाज लिहायचा: २० वेळा काढली तर काळी किती वेळा, पांढरी किती वेळा, लाल किती वेळा? तिन्हींची बेरीज २० यायला हवी. एवढ्या साध्या अटीवरही काही गट अडखळतील. त्यांना वेळ द्या.

अंदाज पेनानेच लिहून घ्या, कारण पेन्सिलीचे अंदाज निकालानंतर खोडले जातात. अंदाज चुकला म्हणून गुण कापू नका आणि बरोबर आला म्हणून शाबासकीही देऊ नका. 'काळ्या जास्त आहेत म्हणून' असं कारण लिहिलं असेल तर त्या कारणाचं कौतुक करा.

## टप्पा ३ : काढा, नोंदवा, परत टाका, हलवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून गटातली कामं वाटून द्या. एक मूल पिशवी हलवेल, दुसरं मान वळवून सोंगटी काढेल, तिसरं ताळ्याच्या खुणांनी नोंद करेल आणि चौथं कितवी वेळ चालू आहे ते मोठ्याने मोजेल. दर वेळचा क्रम असा:

१. पिशवीचं तोंड मुठीत धरून ती दोन-तीनदा उलटसुलट करा.
२. न बघता, न चाचपता एकच सोंगटी काढा.
३. रंग मोठ्याने सांगा आणि लगेच खूण करा.
४. सोंगटी परत पिशवीत टाका.
५. पुन्हा पहिल्या पायरीपासून.

नोंद आधी आणि सोंगटी परत नंतर, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी परत टाकली की 'पांढरी होती ना रे?' अशी चर्चा सुरू होते आणि नोंदीवरचा विश्वास जातो.

सावधान : परत टाकलेली सोंगटी सगळ्यात वर राहते. पिशवी न हलवता हात घातला तर तीच पुन्हा हाताला लागते. न मिसळण्याचा परिणाम किती मोठा होऊ शकतो याचं एक उदाहरण मोठ्या मुलांना जरूर सांगा. व्हिएतनाम युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी सैन्यात बोलवायचं हे ठरवायला अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांची सोडत काढली गेली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ छोट्या कुप्यांत होत्या. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या, विशेषतः डिसेंबरच्या तारखा सरासरीने लवकर निघाल्या. ज्याची तारीख आधी निघाली त्याला आधी बोलावणं, असा तो नियम होता.

दहा-बारा वेळा काढून झालं की एखाद्या गटात सलग तीन-चार काळ्या आलेल्या असतील. तिथे थांबून विचारा, "आता पुढची कोणती?" बहुतेक मुलं म्हणतील, "आता पांढरी येणारच, तिचा नंबर आलाय." समजावून सांगायला जाऊ नका. पिशवीचं तोंड उघडून आत किती काळ्या आणि किती पांढऱ्या आहेत ते मोजायला सांगा. सहा आणि तीनच. मागे काय निघालं हे सोंगट्यांना ठाऊक नसतं, आणि हे मुलांनी स्वतः मोजून म्हणणं महत्त्वाचं आहे.

तपासून पाहा : २० वेळा झाल्यावर तिन्ही रंगांच्या खुणांची बेरीज २० येते का? येत नसेल तर खुणा अंदाजाने भरू देऊ नका. ती फेरी रद्द करून पुन्हा घ्या.

## टप्पा ४ : सगळ्या गटांचे आकडे एकत्र करा

फळ्यावर तक्ता काढा आणि प्रत्येक गटाचे तीन आकडे लिहा. गटागटांत बराच फरक दिसेल. एकाकडे पांढरी ४ वेळा, दुसऱ्याकडे ८ वेळा. मुलं विचारतील, "बरोबर कोणाचं?" उत्तर आहे, सगळ्यांचं, जर क्रम पाळला असेल तर.

राणीकडे खास लक्ष द्या. १० सोंगट्यांत ती एकच आहे, म्हणून २० वेळांत २ वेळा यावी असं वाटतं. पण परत टाकत २० वेळा काढताना ती एकदाही न येण्याची शक्यता साधारण १२ टक्के आहे, म्हणजे आठ गटांमागे सरासरी एक गट राणीशिवाय राहतो. त्या गटाला 'तुमचं चुकलं' असं चुकूनही म्हणू नका.

आता सगळ्या गटांची बेरीज करा. आठ गट असतील तर एकूण १६० वेळा. दहातल्या सहा या हिशोबाने काळी ९६, पांढरी ४८, लाल १६ च्या आसपास यावी. 'आसपास' हा शब्द जपून वापरा. पांढरी ४० किंवा ५५ आली तरी ते नेहमीचंच आहे. नेमकी ४८ आली तर तो योगायोग समजा. ती नेमकी आलीच पाहिजे असं मुलांच्या मनात बसलं तर पुढच्या वेळी ती आकडे जुळवून आणतील.

मोठ्या वर्गात हे दोन भागांत करा: आधी चार गटांची बेरीज, मग आठांची. दोन्ही वेळी पांढरीचा भाग दशांशात काढा. एकेका गटाचे भाग दूरदूर विखुरलेले असतात, एकत्र केलेले भाग बहुधा ०.३ च्या जवळ येतात. शंभर वेळा सांगून जे पटत नाही ते हा तक्ता दाखवतो.

## टप्पा ५ : आता अपूर्णांक लिहा

दुसरी तासिका इथून सुरू करा आणि फळ्यावर दहाही सोंगट्या वेगवेगळ्या नावांनी लिहा: का१, का२, का३, का४, का५, का६, पां१, पां२, पां३, रा. हा नमुना अवकाश, म्हणजे जे जे निघू शकतं त्या सगळ्याची यादी. दहावीत हा शब्द आला की मुलांना घाबरायचं कारण उरणार नाही.

विचारा, "का१ ला जास्त संधी आहे की पां२ ला?" पहिल्या टप्प्यात हाताने तपासल्यामुळे मुलं सांगतील, सारखी. मग विचारा, "काळी या रंगाला जास्त संधी आहे की पांढऱ्या?" काळीला, कारण तिच्या सोंगट्या सहा. म्हणजे सारखी संधी सोंगट्यांना आहे, रंगांना नाही. मोजायच्या त्या सोंगट्या. पांढरी निघणं ही घटना, तिच्यात सोंगट्या ३, एकूण सोंगट्या १०, म्हणून संभाव्यता ३/१०.

'एक तृतीयांश' म्हणणारं मूल रंग मोजत असतं. त्याला चूक म्हणण्याऐवजी त्याच्याच उत्तराने १६० वेळांचा अंदाज काढायला लावा. ५३ च्या आसपास येईल, आणि पांढरीच्या बाबतीत तो आकडा बरा वाटेलही. म्हणून राणीचं विचारा. तिचीही संभाव्यता एक तृतीयांश धरली तर तीही ५३ वेळा यायला हवी होती. तक्त्यात ती किती वेळा आली आहे?

पुढे ०/१० (निळी), १०/१० (तिघांपैकी कोणतीही) आणि 'पांढरी नाही' हे लिहून घ्या. शेवटचं ७/१० येतं, ते सोंगट्या मोजून आणि १० मधून ३ वजा करून, दोन्ही रीतींनी काढू द्या.

## टप्पा ६ : परत न टाकता काढणं आणि 'पहिली चिठ्ठी माझी'चं भांडण

मॉनिटर निवडायला चिठ्ठ्या काढल्या की मुलं पहिला नंबर मिळवायला धडपडतात, आणि काही हुशार मुलं मुद्दाम शेवटी थांबतात. कोणाचा फायदा? कोणाचाच नाही. हे पटवायला तीन चिठ्ठ्या पुरतात.

तीन चिठ्ठ्या घ्या, एकीवर आत फुली. त्यांना फु, क, ग म्हणू. तीन मुलं एकेक चिठ्ठी काढतील, परत टाकणार नाहीत. कोणत्या क्रमाने निघू शकतील ते सगळे क्रम मुलांकडूनच लिहून घ्या:

फु क ग, फु ग क, क फु ग, ग फु क, क ग फु, ग क फु.

सहा क्रम, सगळे सारख्याच संधीचे. फुली पहिल्या जागी दोनदा, दुसऱ्या जागी दोनदा, तिसऱ्या जागी दोनदा. प्रत्येकाला २/६, म्हणजे १/३. चाळीस मुलं असली तरी प्रत्येकाला १/४० च.

पण सगळ्यांनी चिठ्ठ्या काढून एकदम उघडल्या तरच हे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट राहतं. पहिल्याने लगेच उघडली आणि ती कोरी निघाली, तर उरलेल्या दोघांची संधी आता १/२ झाली. मुलं म्हणतात, "बघा, आमचा फायदा झाला." त्यांना विचारा, पहिल्याने उघडली आणि फुलीच निघाली असती तर? सुरुवातीची १/३ आणि उघडल्यानंतरची १/२, दोन्ही बरोबर आहेत. मधे एक माहिती मिळाली, म्हणून आकडा बदलला. यावर सावकाश बोला, हवी तर अर्धी तासिका द्या.

सावधान : टप्पा ३ आणि टप्पा ६ एकाच दिवशी मिसळू नका. परत टाकल्यावर दर वेळी १० सोंगट्या असतात, न टाकल्यास ९, मग ८. कोणता खेळ चालू आहे ते फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

## टप्पा ७ : हजेरी क्रमांकावरून निवड

इथे चांगल्या हेतूने चुकीच्या पद्धती वापरल्या जातात. 'मनातला एक आकडा सांगा' ही यादृच्छिक निवड नाही, माणसं काही आकडे जास्त पसंत करतात. दोन फासे टाकून बेरीज घेणंही नाही. ३६ जोड्यांपैकी ७ सहा जोड्यांनी येतो, २ आणि १२ एकेकाच जोडीने, आणि १ कधीच येत नाही.

समजा वर्गात ४३ मुलं आहेत. एका डब्यात ० ते ४ च्या पाच चिठ्ठ्या ठेवा, दशकासाठी. दुसऱ्यात ० ते ९ च्या दहा, एककासाठी. दोन्हींतून एकेक काढा. ०१ ते ४३ आलं तर ते मूल निवडलं. ०० किंवा ४४ ते ४९ आलं तर दोन्ही चिठ्ठ्या परत टाकून पुन्हा दोन्ही काढा. ५० जोड्यांतल्या ७ बाद होतात, उरतात ४३, आणि प्रत्येक मुलाला सारखी संधी मिळते.

नेहमीची चूक अशी: दशक ४ आलं, एकक ७ आलं, मग 'दशक राहू द्या, एकक पुन्हा काढा'. तसं केलं तर ४० ते ४३ या चौघांना प्रत्येकी १/५ च्या चौथ्या भागाइतकी, म्हणजे १/२० संधी मिळते, तर १० ते ३९ मधल्या प्रत्येकाला १/५० च. अडीचपट फरक पडला, तोही दिसायला निरुपद्रवी सवलतीमुळे. आठवीच्या मुलांना हे सांगू नका, शोधायला द्या.

## शेवटी विचारायचे प्रश्न

सूत्र विचारू नका, हे विचारा:

१. पहिल्या पिशवीत ५ सोंगट्या, त्यांतल्या २ पांढऱ्या. दुसरीत १०, त्यांतल्या ३ पांढऱ्या. पांढरी हवी असेल तर हात कोणत्या पिशवीत घालाल? 'दुसरीत पांढऱ्या जास्त आहेत' म्हणणाऱ्या मुलाला पुन्हा टप्पा ५ हवा. पहिलीत २/५ म्हणजे ४/१०.

२. एका पिशवीत ४ काळ्या आणि ४ पांढऱ्या, दुसरीत ४० आणि ४०. पांढरीसाठी कोणती चांगली? दोन्ही सारख्याच.

३. दोन नाणी उडवली. एक छापा आणि एक काटा पडण्याची संभाव्यता किती? 'तीनच प्रकार, म्हणून १/३' हे उत्तर आलं तर एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं हातात द्या. मग छापा-काटा आणि काटा-छापा वेगळे दिसतात आणि उत्तर २/४ येतं.

४. आपल्याच पिशवीतून एका गटाने २० वेळा काढली, ९ वेळा पांढरी आली. काही बिघडलं आहे का? एवढ्यावरून म्हणता येत नाही, आणखी फेऱ्या घ्या. पण त्याच गटाला २०० वेळांत ९० पांढऱ्या मिळाल्या, तर पिशवी बाकावर उलटी करून सोंगट्या मोजायला सांगा आणि एकेकीची कड बोटाने तपासायला लावा.